आत्यांची ट्रायल : निपाणी ते बेळगाव

"तुमच्या सासूवर बेळगावात प्रयोग चाललाय म्हणे?" हा प्रश्न मला बसस्टँडवर, रेशनच्या रांगेत, आणि आत्या आयुष्यभर जिथं कामाला गेल्या त्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी इतक्या वेळा विचारला, की एकदा सगळं लिहूनच काढावं असं ठरवलं. विचारणाऱ्या सगळ्याच काही चौकशीखोर नसतात. कुणाच्या घरात कुणाच्या तोंडात काहीतरी झालेलं असतं, डॉक्टरांनी "ट्रायलमध्ये येता का", म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात येता का, म्हणून विचारलेलं असतं, आणि हो म्हणावं की नाही ते कळत नसतं. हे त्यांच्यासाठी.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय ६१. वखारीत तंबाखू निवडण्यात हयात गेली आणि मिश्री लहानपणापासूनची. मी इथल्या एका खासगी शाळेत शिकवते, आमचे हे कागलच्या एमआयडीसीत पाळीवर असतात, त्यामुळे दवाखान्याचं बहुतेक माझ्याकडेच आलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. बेळगावातलं मोठं रुग्णालय, ज्याचं स्वतःचं संशोधन केंद्र आहे, एवढं पुरे.

२०२४च्या जूनमध्ये, कर्नाटकी बेंदूर झाल्यावर, आत्या भाकरी आमटीत कुस्करून खायला लागल्या. तिखट लागतंय म्हणायच्या. डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा आणि मध्ये जखम. निपाणीतल्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, गोळ्या काही दिल्याच नाहीत, सरळ बेळगावला पाठवलं. त्यांचे उपकार. बायोप्सी आणि एमआरआय मिळून आमच्या खिशातले आठ हजारांच्या आसपास गेले, कारण तोवर योजनेचे कागद तयार नव्हते. रिपोर्ट जुलैच्या मध्यावर आला: तोंडाचा कॅन्सर.

कागदांचं आधी सांगते, कारण इथंच माणसं अडकतात. आमचं बीपीएल कार्ड आहे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना योजनेच्या दराच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंतच. पण खासगी रुग्णालयात योजना लावायची तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते पत्र मिळालं की रुग्णालयातला योजनेचा काउंटर मंजुरीसाठी कागद वर पाठवतो. आमचं घोडं अडलं नावाच्या स्पेलिंगवर. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं. आपल्या भागात मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जातं आणि वाटेत त्याचं काहीतरी होतं. घरात कुणी आजारी नसतानाच हे दुरुस्त करून ठेवा. आजारपणात सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहणं नको वाटतं.

काही नातेवाईक म्हणाले, मिरजेला किंवा कोल्हापूरला न्या, महाराष्ट्रानं ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केलीय. आम्ही विचार केला, पण नणंदेचं घर बेळगावात वडगावला आहे आणि पुढं रोज दवाखाना करावा लागला तर राहायला हक्काचं घर हवं, म्हणून बेळगावच धरलं. हा राजकारणाचा निर्णय नव्हता. चुलीचा होता.

१३ ऑगस्टला ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा काढला, रेडिएशनआधी काढायला हवे होते ते दात काढले आणि मानेतल्या गाठी, म्हणजे लसिका ग्रंथी, त्याही काढल्या. मानेवरचा लांब टाका बघून मी सर्जनना विचारलं, मानेत तर गाठ हाताला लागत नव्हती, मग मान का कापली? ते म्हणाले, हा प्रश्न पूर्वी डॉक्टरांनाही होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्याच्यावर ट्रायल झाली, २०१५ला छापून आली. तोंडाचा कॅन्सर लहान असतानाच ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेल तेव्हा बघू म्हणून ज्यांची मान सोडली, त्यांच्यातले ६७.५ टक्के. "त्या ट्रायलमध्ये कुणीतरी सही केली म्हणून आज तुमच्या सासूबाईंची मान कापायची की नाही हे मला ठरवता आलं." तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेले. नंतर आठवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट आला. गालाच्या कडा साफ होत्या. पण मानेतल्या, हाताला न लागणाऱ्या एका गाठीत कॅन्सर निघाला आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला होता. म्हणजे नुसता शेक पुरणार नव्हता. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी करंट म्हणतात. शेकासोबत केमो लागणार होती आणि हे सगळं ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं होतं. ही सहा आठवड्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळी धावपळ तिच्यापायी झाली.

९ सप्टेंबरला, गणपती घरात असताना, आम्ही केमोच्या डॉक्टरांना भेटलो. बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आधी ट्रायलशिवाय काय उपचार होईल ते पूर्ण सांगितलं: सहा आठवडे शेक, दर सोमवारी सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. मग म्हणाल्या, आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे. त्यात निम्म्या रुग्णांना हेच सिस्प्लाटिन आणि निम्म्यांना डोसिटॅक्सेल नावाचं दुसरं औषध. तेही जुनंच, बाजारात मिळणारं. ज्यांना किडनी किंवा कानामुळं सिस्प्लाटिन देता येत नाही, त्यांना शेकासोबत डोसिटॅक्सेल दिलं तर दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं, असं टाटाच्या २०२३च्या अभ्यासात दिसलं होतं. पण ज्यांना सिस्प्लाटिन चालतं, त्यांच्यात दोघांतलं कुठलं चांगलं, हा यांचा प्रश्न.

मी विचारलं, "मग आत्यांना कुठलं चांगलं, मॅडम?"

"ते मला माहीत असतं तर मी ट्रायल केलीच नसती. तेच दिलं असतं. यात आल्यामुळं आज्जींचा फायदाच होईल, असं मी म्हणणार नाही."

त्या उत्तरानं माझा विश्वास बसला. तिथंच कुणी "नवीन औषध आहे, फुकट मिळतंय, संधी सोडू नका" असं म्हणालं असतं, तर मी आत्यांना घेऊन उठले असते, आणि तुम्हीही उठा. ट्रायल पुढच्या पेशंटसाठी असते. आपल्या पेशंटला नेहमीच्यापेक्षा कमी उपचार मिळत नाहीत ना, एवढं बघायचं. त्याबदल्यात एक गोष्ट मात्र नक्की मिळते, आपल्याकडे कुणाचं तरी सतत लक्ष असतं.

मग आली कोऑर्डिनेटर. ट्रायलमध्ये डॉक्टरांपेक्षा जास्त संबंध हिच्याशी येतो. चिकोडीकडची कन्नड पोरगी, मराठी मोडकं पण न लाजता बोलायची. आत्या दिसल्या की आधी "ऊटा आयता अज्जी?" जेवलात का, हे विचारल्याशिवाय फाइल उघडायची नाही. तिच्याकडे संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. आत्या चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या, कन्नड बोलतात पण वाचता येत नाही. मी म्हटलं, मी वाचून सांगते. ती म्हणाली, नाही चालत. पेशंटला जी भाषा वाचता येते त्या भाषेतलं, एथिक्स कमिटीनं, म्हणजे ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या समितीनं, मंजूर केलेलं आणि आवृत्तीचा नंबर घातलेलंच पत्र लागतं. मराठीची प्रत मंजूर होती, पण शिक्क्याची प्रत ऑफिसातून यायची होती आणि मध्ये सणाच्या सुट्ट्या. सहा आठवड्यांचा हिशोब माझ्या डोक्यात टिकटिकत होता. मी डॉक्टरांना विचारलं, तोवर शेकाची तयारी थांबवायची का? अजिबात नाही, म्हणाल्या. तोंडावर बसवायचा प्लास्टिकचा मुखवटा, प्लॅनिंगचा सीटी स्कॅन, हे ट्रायल असो नसो लागणारच. ते त्याच आठवड्यात उरकलं. तुमच्यावर ही वेळ आली तर हे जरूर विचारा. सहीची वाट बघत नेहमीचा उपचार थांबवायचं काही कारण नसतं.

मराठी प्रत मिळाली ती आम्ही घरी आणली. हा हक्क आहे. तिथंच, त्याच दिवशी सही करा असं कुणी म्हणू शकत नाही. वीसेक पानं होती. तोंडात टाके, बोलणं अस्पष्ट, तरी आत्यांनी ती स्वतः वाचली, हरिपाठ वाचतात तशी बोट ठेवून. मध्येच थांबून विचारायच्या, "चिठ्ठी टाकून औषध ठरवत्यात, असं लिवलंय. खरं व्हय?" खरं. कुठला गट मिळणार ते संगणक ठरवतो. डॉक्टर नाही, आपणही नाही. नाहीतर डॉक्टर नकळत धडधाकट पेशंट एका बाजूला टाकतील आणि अभ्यासाला अर्थ उरणार नाही.

मी माझ्या बाजूनं मोबाइलवर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघितला. भारतातल्या ट्रायलची ही सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआर ही केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद ती चालवते, आणि जून २००९पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथं सक्तीची आहे. इंग्रजीत आहे, पण ट्रायल कुठं कुठं चालू आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, जबाबदार डॉक्टर कोण, हे समजतं. क्रमांक संमतीपत्रावर नसेल तर मागा. द्यायला कुणी टाळाटाळ केली तर समजून जा.

वहीत प्रश्न लिहून नेले होते. नाही म्हटलं तर योजनेतले उपचार चालू राहतील का? (राहतील.) मध्येच सोडता येईल का? (कधीही, कारण न सांगता.) जास्तीच्या रक्ततपासण्यांचे पैसे कोण भरणार? (ट्रायल. शेक आणि नेहमीचे उपचार मात्र योजनेतून.) ट्रायलमुळं काही अपाय झाला तर? त्याचे उपचार फुकट आणि भरपाईचा नियमही आहे, २०१९च्या नव्या औषधांच्या नियमावलीत. रात्री फोन कुणाला करायचा? दोन नंबर मिळाले, एक डॉक्टरांचा आणि एक एथिक्स कमिटीच्या सचिवांचा. दुसरा नंबर बहुतेक लोक बघतही नाहीत. ती कमिटी रुग्णालयाची असली तरी तिच्यात निम्मी माणसं बाहेरची असावी लागतात, अध्यक्षसुद्धा बाहेरचा, आणि वकील व सामान्य नागरिकही. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो तेव्हा तिथं विचारता येतं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, सही करायला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि मग आत्यांनाच विचारलं, तुम्हाला काय समजलं ते सांगा. आत्यांनी सांगितलं. फॉर्मात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न असे रकाने होते आणि शेवटी नॉमिनीचं नाव. ट्रायलमुळं मृत्यू आला तर भरपाई कुणाला, त्यासाठी. हा रकाना मी घरी बघितला होता आणि त्यावर आत्यांशी बोलणं टाळलं होतं.

"मी मेल्यावर पैसं कुणाला, ह्ये आत्ताच लिवून घेत्यात व्हय?"

कोऑर्डिनेटर गडबडली. डॉक्टर म्हणाल्या, एलआयसीतपण लिहितातच की आज्जी. आत्या जरा वेळ गप्प बसल्या. मग लेकाचं नाव न सांगता माझं सांगितलं. "ही बरोबर येती, हिचं लिवा." मी खिडकीकडे बघत बसले. प्रत्येक पानावर सही, तारीख, वेळ. आत्यांची, डॉक्टरांची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा आणि सोबत रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. सही झालेली एक प्रत आपल्याला मिळते. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर ठेवा.

सही झाली म्हणजे आत घेतलं असं नाही. मग चाळणी. रक्त, किडनीचं क्रिएटिनिन, ईसीजी, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, आणि सिस्प्लाटिननं कान जातात म्हणून ऐकण्याची तपासणी. काचेच्या खोलीत हेडफोन घालून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. वखारीत पन्नास बायकांच्या गलक्यात वर्षं काढलेल्या आत्या त्यात पास झाल्या. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला तर ट्रायलमधून नाव जातं आणि नेहमीचा उपचार सुरू होतो. आमच्यासमोरच एका आजोबांचं क्रिएटिनिनमुळं नाव गेलं. त्यांच्या मुलाला ते अपयश वाटत होतं. तसं काही नसतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. संगणकावर आत्यांचं नाव नाही, क्रमांक टाकला आणि गट आला: सिस्प्लाटिन. नेहमीचंच. आमचे हे फोनवर म्हणाले, "मग एवढं सगळं कशाला केलं?" खोटं कशाला, मलाही तसंच वाटलं. दुसरं औषध मिळालं असतं तर काहीतरी विशेष झाल्यासारखं वाटलं असतं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, तुलना करायला दोन बाजू लागतात, आणि तुम्हाला जे मिळालंय ते आज जगभरात देतात तेच आहे. डोक्याला पटलं. मनाला पटायला आणखी आठवडा गेला.

सोमवारी, २३ सप्टेंबरला, शेक आणि पहिली केमो एकाच दिवशी. सहा आठवडे भरायला एक दिवस बाकी होता.

आम्ही सोमवार ते शुक्रवार वडगावला नणंदेकडे आणि शनिवार-रविवार निपाणीला. शाळेनं बिनपगारी रजा दिली. वडगावात शेजारी माग चालतात, दिवसभर खटखट, मला पहिले काही दिवस झोप लागेना, आत्या मात्र गाढ झोपायच्या. शेक म्हणजे मुखवटा लावून टेबलावर काही मिनिटं. दुखत नाही. नंबर लागायला मात्र तास-दोन तास. केमोचा सोमवार पूर्ण जातो: आधी सलाइन, मग उलटीचं औषध, मग सिस्प्लाटिन, परत सलाइन. लघवी मोजून सांगावी लागते. जाताना चादर न्या, एसी फार असतो. दर शुक्रवारी रक्त, कारण त्या आकड्यांवर पुढची केमो ठरते.

ट्रायलमुळं जे वाढलं ते लिहिणं. घरी एक डायरी देतात: रोज किती उलट्या, ताप किती, कुठली गोळी घेतली. आत्या ती स्वतः भरायच्या. उलट्यांच्या रकान्यात त्यांनी वखारीत टोपल्या मोजायची पद्धत लावली, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. कोऑर्डिनेटर म्हणाली, आकडा लिहायला हवा. मग रेघांशेजारी मी आकडा आणि त्यांची सही. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं आणि तारीख घालायची. पांढरी शाई तर अजिबात नाही.

शिवाय प्रश्नावल्या. क्यूएलक्यू-सी३० नावाची तीस प्रश्नांची आणि तिच्या जोडीला तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी आणखी एक. मराठीत आहेत. गिळताना त्रास होतो का, चव लागते का, लोकांत जायला लाज वाटते का. हे कुणी इतक्या बारकाईनं विचारत नाही, त्यामुळं आत्यांना त्या आवडायच्या. मात्र शेवटी नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही प्रश्न आहेत. कोऑर्डिनेटर तिथं आली की कागद पुढं सरकवून छताकडे बघायची. आत्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "त्यास्नी जाऊन बारा वर्सं झाली, आता कुणाला इचारू?" खोलीतल्या सगळ्या हसल्या. नको असलेला प्रश्न रिकामा सोडता येतो.

प्रवासखर्चाची गंमत वेगळीच. ट्रायलच्या भेटीला येण्या-जाण्याचा खर्च मिळतो, पण तिकीट लावावं लागतं. आम्हा दोघींचं शक्ती योजनेतलं तिकीट, कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना जून २०२३पासून भाडं नाही, त्यावर रक्कम शून्य. हिशोबाच्या टेबलावरचे गृहस्थ शून्याची तिकिटं बराच वेळ उलटीसुलटी करून बघत होते. शेवटी रिक्षाच्या खर्चाचं आम्ही लिहून दिलं आणि तेवढं मंजूर झालं. पैसे पेशंटच्याच खात्यावर येतात, रोख नाही. आत्यांचं खातं चालू होतं ते कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांमुळं. तुमच्या पेशंटचं खातं झोपलेलं असेल तर आधीच बँकेत जाऊन केवायसी करून घ्या.

तिसऱ्या केमोपर्यंत ठीक चाललं होतं. मग तोंड आलं. आतून सोललेलं, थुंकीत रक्त, पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, नाचणीची पातळ आंबील गार करून, शहाळं. दसऱ्याला निपाणीला आलो आणि १३ ऑक्टोबरच्या रात्री आत्यांना उभं राहता येईना. बेळगाव ७५ किलोमीटर, वाटेत दोन घाट. निपाणीतच एका दवाखान्यात दाखल केलं, सलाइन लावलं. आणि मी कोऑर्डिनेटरला फोन केला, रात्री अकराला.

हा फोन फार महत्त्वाचा निघाला. ट्रायलमधला पेशंट कुठल्याही कारणानं, कुठल्याही दवाखान्यात दाखल झाला तर त्याची नोंद 'गंभीर घटना' म्हणून करावी लागते आणि डॉक्टरांना ती चोवीस तासांच्या आत वर कळवावी लागते. सकाळी बेळगावच्या डॉक्टरांनीच निपाणीच्या डॉक्टरांशी बोलून काय द्यायचं ते सांगितलं. त्या कागदावर 'गंभीर' हा शब्द वाचून आमच्या ह्यांच्या पोटात गोळा आला, पण एक रात्र सलाइनसाठी राहिलं तरी नियमानं ते गंभीरच. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, सगळं मूळ प्रतीत जपा. आमचं बिल सहा हजारांवर गेलं होतं, ते एथिक्स कमिटीपुढं जाऊन जानेवारीत खात्यावर जमा झालं. उशिरा, पण पूर्ण.

१४ तारखेची केमो चुकली, क्रिएटिनिन वाढलेलं होतं. शेक दोन दिवसांनी पुन्हा सुरू, नाकातून नळी घातली. नळीला आत्यांनी फार विरोध केला. तिच्यामुळंच पुढचे आठवडे निघाले, हे आता त्याच इतरांना सांगतात. नणंद मिक्सरमध्ये नाचणी, दूध, अंडं फिरवून गाळून द्यायची आणि मला म्हणायची, "वैनी, तू काय बघत बसूलीस, जेवून घे की अगोदर."

शेवटच्या आठवड्यात आली दिवाळी. १ नोव्हेंबर शुक्रवार, रक्ताचा दिवस. बेळगावात १ नोव्हेंबर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको: एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, रस्ते बंद, ओपीडी बंद. शनिवारी पाडवा, मग रविवार. पण सोमवारच्या केमोआधी रक्त हवं. मी घाबरून आधीच्याच आठवड्यात विचारलं. ट्रायलच्या कागदात प्रत्येक तपासणीला पुढं-मागं काही दिवसांची मुभा असते, ते याला विंडो म्हणतात. ४ तारखेला पहाटेच वडगावहून निघालो, सातला रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट बघून शेवटची केमो लावली. सण, लग्न, निवडणूक, बंद, असं काही दिसत असेल तर तारीख आधीच दाखवा. विंडो उलटून गेल्यावर त्यांच्याही हातात फार काही नसतं.

७ नोव्हेंबरला शेक संपला. सगळे पेढे वाटायच्या बेतात होते आणि नेमके त्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट गेले. शेकाचा परिणाम मशीन थांबल्यावरही चालू राहतो. मान काळी पडून सोलली, आत्या कुणाशी बोलेनात. नळी डिसेंबरमध्ये निघाली. पहिल्यांदा तोंडानं खाल्लं ते दहीभात, तोही मिठाशिवाय.

फेब्रुवारी २०२५मध्ये पहिला स्कॅन. साफ आहे. त्याच महिन्याच्या शेवटी दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या होत्या, ह्यांना कागलला जायला कसरत झाली, पण निपाणी-बेळगाव चालू होतं, त्यामुळं आमची भेट बुडाली नाही. आता दर तीन महिन्यांनी जायचं, तपासायचं, प्रश्नावली भरायची. ट्रायलचं उत्तर यायला अजून वर्षं लागतील. आलं की पेशंटना कळवणार का, असं मी विचारलंय. कोऑर्डिनेटरनं वहीत लिहून घेतलंय.

एक गोष्ट राहिली. आत्यांना आता उजव्या कानानं उंच पट्टीचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मोबाइलची रिंग, कुकरची शिट्टी. सिस्प्लाटिनचा हा परिणाम फॉर्मात लिहिलेला होता, नेहमीच्या उपचारातही होतोच, त्यामुळं तो ट्रायलचा अपाय धरायचा की नाही यावर दोन मतं आहेत. मेमधल्या तपासणीत तसं नोंदवून घेतलं, आधीच्या आणि आताच्या आलेखाच्या प्रती मागून घेतल्या आणि श्रवणयंत्राच्या खर्चासाठी एथिक्स कमिटीच्या सचिवांच्या नावे मराठीत अर्ज दिला. घेतला. पोच दिली आहे, शिक्क्यासह. पुढची भेट ऑगस्टमध्ये आहे, तेव्हा विचारायचं आहे.